गुरुत्वाकर्षणाच्या पर्यायी सिद्धांतांची परीक्षा: ‘४.२ सिग्मा’ने नेमके काय सिद्ध होते?

मृगशीर्ष (धागाकर्ता)

मार्च २०२५ मध्ये दीर्घिकांचे नकाशे बनवणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या दुसऱ्या विदासंचाचे (निरीक्षणांतून मिळालेल्या आकड्यांच्या संचाचे) निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हापासून ‘आइन्स्टाइन चुकला का?’ अशा धाटणीचे मथळे अधूनमधून वाचनात येतात. अ‍ॅरिझोनातील किट पीक येथील दुर्बिणीने लक्षावधी दीर्घिकांची मोजणी केली, तिची सांगड वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीशी (आरंभीच्या विश्वातून उरलेल्या प्रारणाशी) आणि सुपरनोव्हांशी (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांशी) घातली गेली, आणि कृष्णऊर्जा (विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी ऊर्जा) काळानुसार बदलत असावी या पर्यायाच्या पारड्यात २.८ ते ४.२ सिग्मा (निकाल निव्वळ योगायोगापासून किती दूर आहे याचे माप) इतके वजन पडले, येथपर्यंत मला समजते.

समजत नाही ते त्यापुढचे. विश्व एकच असताना आकडे २.८ आणि ४.२ असे वेगवेगळे कसे येतात, आणि कृष्णऊर्जा बदलते म्हणून गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा लागेल हे कोणी आणि कशावरून ठरवले? शिवाय कोणत्याही सूत्रात आणखी दोन अज्ञाते घातली की ते निरीक्षणांशी अधिक जुळणारच. मग एखाद्या पर्यायी सिद्धांताची संख्याशास्त्रीय परीक्षा प्रामाणिकपणे घ्यायची, तर ती कशी घेतात? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सांख्यिक

या आकड्यांमागचे गणित कागदावर करून पाहता येते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. लॅम्डा-सीडीएम या विश्वाच्या प्रचलित प्रतिकृतीत (मॉडेलमध्ये) कृष्णऊर्जा स्थिर असते. पर्यायी प्रतिकृतीत डब्ल्यू-शून्य आणि डब्ल्यू-ए असे दोन जादा प्राचल (जुळवून काढायची अज्ञात मूल्ये) आहेत; पहिला आजची स्थिती सांगतो आणि दुसरा तिच्यात काळानुसार होणारा बदल. दोन्ही प्रतिकृती निरीक्षणांशी जास्तीत जास्त जुळवून घेतल्यानंतर काय-स्क्वेअर (निरीक्षणे आणि प्रतिकृती यांच्यातील तफावतीचे माप) किती कमी झाला, हे पाहतात. डेसी, पार्श्वभूमी प्रारण आणि डीईएस या आकाश-सर्वेक्षण गटाचे सुपरनोव्हा एकत्र घेतल्यास तो २१.०ने कमी होतो. डीईएसऐवजी पॅन्थिऑन-प्लस हा सुपरनोव्हांचा दुसरा संच घेतल्यास १०.७नेच कमी होतो.

जादा अज्ञाते घातली की जुळणी सुधारणारच, ही आपली शंका रास्त आहे आणि तिची तजवीज या हिशेबातच केलेली असते. लॅम्डा-सीडीएम खरी असतानाही दोन निरुपयोगी प्राचलांमुळे काय-स्क्वेअर योगायोगाने इतका घटण्याची शक्यता, ही घट निम्मी करून ‘ई’च्या ऋण घातात घातली की मिळते. घट २१ असेल तर उत्तर सुमारे ३६ हजारांत एक येते आणि त्यालाच ४.२ सिग्मा म्हणतात. घट १०.७ असेल तर उत्तर सुमारे २१० मध्ये एक, म्हणजे २.८ सिग्मा. हीच २१ची घट एकाच जादा प्राचलाने साधली असती, तर तिला ४.६ सिग्माचा मान मिळाला असता. दुसऱ्या अज्ञाताची किंमत अशी वसूल होते.

मात्र ३६ हजारांत एक ही लॅम्डा-सीडीएम बरोबर असण्याची शक्यता नव्हे. ती बरोबर आहे असे धरून काढलेली, अशी विदा मिळण्याची ती शक्यता आहे. मथळे लिहिणारे नेमके येथेच घसरतात.

बाणेरकर

२१० मध्ये एक एवढ्या भरवशावर आमच्या सोसायटीत टँकर मागवण्याचा ठरावही संमत होत नाही, आइन्स्टाइनला घरी बसवणे तर दूरच राहिले.

प्राजक्ता_ब

मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून सांख्यिक यांच्या प्रतिसादाला थोडी जोड देते. आकड्यांमधील तफावतीचे मूळ सुपरनोव्हांच्या संचांत आहे. जवळचे सुपरनोव्हा एका पिढीच्या दुर्बिणींनी टिपलेले असतात आणि दूरचे दुसऱ्या पिढीच्या. दोन्हींची तेजस्विता एकाच मापपट्टीवर आणणे हे जिकिरीचे काम आहे. विश्वरचनाशास्त्रज्ञ जॉर्ज एफस्टॅथिऊ यांनी असे दाखवून दिले होते की, डीईएसच्या संचात जवळच्या आणि दूरच्या सुपरनोव्हांमध्ये सुमारे ०.०४ प्रतीचा (प्रत हे तेजस्वितेचे माप) फरक शिल्लक राहिला असल्यास बदलत्या कृष्णऊर्जेचा बराचसा आभास त्यातूनच निर्माण होऊ शकतो. पुढे डीईएस गटाने मापपट्टीची फेरतपासणी केली, तेव्हा ४.२चा आकडा ३.२च्या आसपास उतरला. काय-स्क्वेअरच्या सूत्राला ही शंका दिसत नाही, कारण ते कोव्हेरियन्स मॅट्रिक्समध्ये (मापनांच्या त्रुटी आणि त्यांचे परस्परसंबंध यांच्या तक्त्यात) नोंदवलेल्या त्रुटीच तेवढ्या ओळखते.

आता आपला दुसरा प्रश्न. डेसीने जे मोजले तो विश्वप्रसरणाचा इतिहास आहे, आणि केवळ प्रसरणावरून ‘नवी ऊर्जा’ आणि ‘नवे गुरुत्वाकर्षण’ यांच्यात निवाडा करता येत नाही. कोणताही प्रसरणाचा आलेख द्या, दोन्ही पक्ष तो आपापल्या परीने काढून दाखवतील. गुरुत्वाकर्षणाचे नाव पुढे येते याचे कारण असे की, विदेला सर्वांत चांगली जुळणारी रेषा भूतकाळात डब्ल्यू (कृष्णऊर्जेचा दाब आणि घनता यांचे गुणोत्तर) उणे एकच्या खाली गेल्याचे दाखवते, आणि साध्या अदिश क्षेत्राला, म्हणजे बदलत्या कृष्णऊर्जेच्या सर्वांत साध्या प्रतिकृतीला, ती सीमा ओलांडता येत नाही. गुरुत्वाकर्षणात बदल करणाऱ्या काही सिद्धांतांना ती येते. हा संशयाला पुरेसा आधार आहे, आरोप सिद्ध होण्याला नाही.

खरी परीक्षा होते ती दीर्घिकांचे पुंजके कोणत्या वेगाने वाढतात आणि दूरचा प्रकाश वाटेत किती वाकतो, हे दोन्ही एकत्र मोजल्यावर. त्यासाठी दोन प्राचल वापरतात. म्यू हा द्रव्याला किती ओढ जाणवते ते सांगतो आणि मोठा सिग्मा प्रकाश किती वळतो ते सांगतो. (या सिग्माचा वरच्या सिग्मांशी काहीही संबंध नाही, ग्रीक अक्षरांची टंचाई हे आमचे जुने दुखणे आहे.) व्यापक सापेक्षतावादात, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात, दोन्हींचे मूल्य एक असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये डेसीच्या पहिल्या विदासंचावरून ही चाचणी प्रसिद्ध झाली. इतर विदेसह म्यूच्या विचलनाची अनिश्चितता सुमारे ०.२, तर सिग्माच्या विचलनाची ०.०५च्या आसपास आली, आणि दोन्ही विचलने शून्याशी सुसंगत निघाली. त्या निष्कर्षाचा मथळा कोणी छापला नाही.

जुना_हिशेबनीस

म्यू आणि सिग्मा हे सिद्धांत नव्हेत, ती दोन खुंट्या असलेली यंत्रे आहेत. खुंट्या पिळून विदा जुळली किंवा जुळली नाही, तर त्यातून कोणता सिद्धांत हरला?

प्राजक्ता_ब

आक्षेप योग्य आहे आणि त्याला एक बोलके उदाहरण आहे. प्लँक उपग्रहाच्या २०१५ मधील विश्लेषणात याच प्राचलांनी काही विदासंचांच्या जोडीने व्यापक सापेक्षतावादापासून दोन-तीन सिग्मांची फारकत दाखवली होती. पार्श्वभूमी प्रारणाच्या वर्णपटातील शिखरे गुरुत्वीय भिंगामुळे जेवढी बोथट व्हायला हवीत, त्यापेक्षा ती जास्त बोथट दिसत होती. २०१८च्या विदेतही हे प्रमाण १.१८ अधिक-उणे ०.०६५ असे आले, ते एक असायला हवे होते. सिग्मा वाढवला की भिंगाचा परिणाम वाढतो, म्हणून त्या मोकळ्या प्राचलाने ही विसंगती आपल्या पोटात घेतली. पण त्याच उपग्रहाने भिंगाचा परिणाम स्वतंत्रपणेही मोजला होता, आणि ते मोजमाप हिशेबात घेताच ती फारकत जवळजवळ नाहीशी झाली. मोकळा प्राचल विदेतील जे काही अस्पष्टीकृत असेल ते गोळा करतो, मग त्याचा गुरुत्वाकर्षणाशी संबंध असो वा नसो.

सांख्यिक

याच ठिकाणी बेझच्या पद्धतीचा उपयोग होतो, आणि तिच्या मर्यादाही येथेच उघड होतात. समजा, म्यूच्या विचलनाची त्रुटी ०.२ आहे आणि मापन शून्यापासून दोन सिग्मा दूर आले, म्हणजे ०.४. नेहमीच्या पद्धतीने याची शक्यता साडेचार टक्के भरते आणि कोणीतरी उत्साहाने शोधनिबंध लिहायला घेतो. बेझची पद्धत विचारते की मापन करण्यापूर्वी पर्यायी सिद्धांताने हे मूल्य कोठेकोठे असू शकेल असे म्हटले होते. उणे १.५ ते अधिक १.५ यांपैकी कोठेही असे उत्तर असेल, तर आइन्स्टाइनच्या बाजूच्या पुराव्याचे पर्यायाच्या बाजूच्या पुराव्याशी गुणोत्तर ०.८१ येते, म्हणजे सामना बरोबरीत. हीच मर्यादा उणे ३ ते अधिक ३ अशी ठेवली, तर गुणोत्तर १.६२ होऊन कौल आइन्स्टाइनकडे झुकतो. विदा तीच आणि दोन सिग्माही तेच. ज्या सिद्धांताने सगळीच उत्तरे चालतील असे सांगून ठेवले होते, त्याला त्यांपैकी एक उत्तर बरोबर निघाल्याचे श्रेय कमी मिळते, इतकाच याचा अर्थ. तीन सिग्मांना मात्र पहिल्या मर्यादेत पर्यायाच्या बाजूने पंधरास एक असा कौल मिळतो, म्हणजे बेझची पद्धत आइन्स्टाइनची वकील आहे असे समजू नये.

जुना_हिशेबनीस

म्हणजे निकाल मापनापूर्वी आखलेल्या कुंपणावर ठरतो, आणि कुंपण आखणारे आपणच. उणे १.५ऐवजी उणे ३ का, याचे भौतिक कारण कोणी देणार आहे का? नसेल, तर आवडीनिवडीलाच आपण गणिताचा पोशाख चढवत आहोत.

प्राजक्ता_ब

म्यूसारख्या सर्वसाधारण प्राचलांच्या बाबतीत हा आक्षेप मला पुष्कळसा मान्य आहे. एफ-आर गुरुत्वाकर्षणात (आइन्स्टाइनच्या समीकरणांत बदल करणाऱ्या सिद्धांतांच्या एका गटात) तर अडचण आणखी वाढते. हू आणि साविकी यांच्या २००७ मधील प्रतिकृतीत विचलनाची तीव्रता सांगणारा एकच प्राचल असतो आणि तो एक लाखांश, दहा लाखांश अशा पट्टीवर मोजला जातो. त्याचा शोध लॉगरिदमच्या पट्टीवर घ्यायचा ठरवला, तर खालची मर्यादा कोठे ठेवायची याला अंतच नाही. ती जितकी खाली न्याल तितकी व्यापक सापेक्षतावादाशी एकरूप दिसणारी जागा वाढत जाते, आणि वरची ‘९५ टक्के’ मर्यादा विदा न बदलता खाली सरकते. म्हणून अलीकडे पुष्कळ गट बेझच्या निकालाबरोबरच प्रोफाइल लाइकलीहूडही देतात. त्यात प्राचलाच्या प्रत्येक मूल्याला इतर सर्व अज्ञाते नव्याने जुळवून सर्वोत्तम काय-स्क्वेअर काढतात, आणि तेथे कुंपणाचा प्रश्न उद्भवत नाही. दोन्ही पद्धतींची उत्तरे जुळली तर विश्वास ठेवावा. न जुळल्यास विदेपेक्षा गृहीतकेच जास्त बोलत आहेत असे धरून चालावे, असे माझे मत आहे.

पंचगंगा

थोडे विषयांतर वाटेल, पण या वादाला आपल्या माणसाचाही जुना संदर्भ आहे. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर १९६१ मध्ये केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे नवखे विद्यार्थी होते, तेव्हा रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून हॉइल यांचे स्थिर-स्थिती विश्व (प्रसरण पावूनही सदैव सारखेच दिसणारे, आरंभ नसलेले विश्व) निकालात काढल्याचे जाहीर केले. ती मोजणी म्हणजे निव्वळ संख्याशास्त्र होते. तेजस्वी स्रोतांकडून मंद स्रोतांकडे जाताना त्यांची संख्या कोणत्या उताराने वाढते, हे पाहायचे. स्रोत सगळीकडे सारखे विखुरलेले असतील आणि प्रसरण नसेल तर उतार १.५ येतो, स्थिर-स्थिती सिद्धांतानुसार तो त्याहून कमी हवा, राइल यांना सुमारे १.८ मिळाला. हॉइल आणि नारळीकर यांनी उत्तरादाखल असे दाखवले की, आपल्या परिसरात स्रोतांची घनता असमान असेल तर स्थिर-स्थिती विश्वातही तेवढा तीव्र उतार दिसू शकतो. या झगड्यानंतर तीन वर्षांनी दोघांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, राइल यांच्या १९५५च्या यादीत १,९३६ स्रोत होते आणि उतार जवळपास ३ आला होता. सिडनीच्या गटाने तेच आकाश मोजले तेव्हा एवढा उतार सापडला नाही. शेजारशेजारचे मंद स्रोत एकमेकांत मिसळून एकच तेजस्वी स्रोत असल्याचा भास होत होता. पहिल्या यादीवर आजच्या पद्धतीने सिग्मा काढले असते, तर स्थिर-स्थिती विश्व प्रचंड सिग्मांनी बाद ठरले असते, आणि तेही चुकीच्या कारणासाठी.

बाणेरकर

शेवटी ते १९६५ मध्ये पार्श्वभूमी प्रारण सापडल्यावर बाद ठरलेच, हे पंचगंगा यांनी कोल्हापूरच्या अभिमानापोटी सोयीस्करपणे वगळले आहे.

पंचगंगा

वगळलेले नाही, पुढच्या प्रतिसादासाठी राखून ठेवले होते. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह अर्ध-स्थिर-स्थिती विश्व मांडून त्या प्रारणाचेही स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केला, तो फारसा कोणाला पटला नाही, हेही लिहून टाकतो. म्हणजे बाणेरकरांची तक्रार उरणार नाही.

निळावंती

मूळ प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे की परीक्षा घ्यायची तर समोर प्रतिस्पर्धी सिद्धांत हवाच. तसे नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील वरुण साहनी यांनी आर्मान शफीलू आणि अलेक्सी स्टारोबिन्स्की यांच्यासह २००८ मध्ये ‘ओएम’ ही चाचणी मांडली. प्रसरणाचा दर घ्यायचा, आजच्या दराने भागून त्याचा वर्ग करायचा, त्यातून एक वजा करायचा आणि एक अधिक रेडशिफ्ट (प्रसरणामुळे प्रकाश तांबड्याकडे सरकण्याचे माप) या बेरजेच्या घनातून एक वजा करून येणाऱ्या संख्येने त्याला भागायचे. लॅम्डा-सीडीएम बरोबर असेल तर प्रत्येक रेडशिफ्टला हे उत्तर एकच यायला हवे. पर्याय कोणता, याचे उत्तर देण्याची गरजच पडत नाही. दोन रेडशिफ्टची उत्तरे वेगळी आली की काहीतरी बिघडले आहे, एवढे कळते. ही रीत पुण्यात घडली, तरी पुणेकरांनाच तिची कल्पना नसते.

प्राजक्ता_ब

निळावंती यांनी छान आठवण करून दिली. प्रत्यक्ष गुरुत्वाकर्षणासाठी त्याच जातीची चाचणी म्हणजे ई-जी. दीर्घिका द्रव्याच्या वाटणीचे हुबेहूब प्रतिबिंब नसतात. त्या दाट जागी जास्त गर्दी करतात, आणि ही गर्दी नेमकी किती हे ठाऊक नसल्याने सगळी मोजमापे डळमळतात. प्रकाशाच्या वळणाचे मोजमाप आणि दीर्घिकांच्या वेगांचे मोजमाप यांचे गुणोत्तर अशा रीतीने घेतले की वर आणि खाली ती गर्दी एकाच घातात येते, तर ती कटून जाते. उरते ते बव्हंशी गुरुत्वाकर्षणच. २०१० मध्ये स्लोन सर्वेक्षणातील तांबड्या दीर्घिकांवर रेडशिफ्ट ०.३२ला हे गुणोत्तर ०.३९ अधिक-उणे ०.०६ इतके आले; व्यापक सापेक्षतावादानुसार ते सुमारे ०.४ हवे होते. टेव्हेस या पर्यायी सिद्धांताच्या तेव्हा तपासलेल्या प्रतिकृतीचे भाकीत ०.२२ होते, त्यामुळे ती अडचणीत आली. एफ-आरचे भाकीत त्रुटीच्या पट्ट्यातच असल्यामुळे ते वाचले. कोणता पर्याय पडला आणि कोणता टिकला हे अशा चाचणीत स्पष्ट सांगता येते, म्हणून मला ती जवळची वाटते.

अनाम_वाचक

टेव्हेस म्हणजे माँडचाच (कृष्णद्रव्य मानण्याऐवजी गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलणाऱ्या कल्पनेचाच) सापेक्षतावादी अवतार. माँडवाल्यांनी जोडताऱ्यांवरून २०२३ मध्ये दहा सिग्माचा दावा केला आहे. त्याविषयी कोणीच का बोलत नाही?

सांख्यिक

बोलायला हरकत नाही, कारण सिग्मा किती फसवा असू शकतो याचे ते उत्तम उदाहरण आहे. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या त्याच गाया उपग्रहाच्या विदेवरून नेमका उलटा निष्कर्ष काढला, तोही त्याहून अधिक सिग्मांनी. मतभेद कोठे आहे, तर किती जोड्यांत एक न दिसणारा तिसरा तारा दडलेला आहे आणि कोणत्या जोड्या गाळायच्या, या निर्णयांत. दोन्ही गटांचे आकडे आपापल्या प्रतिकृतीच्या आत गणिताने बरोबर असू शकतात.

विश्वरचनाशास्त्रातही असाच एक छुपा निर्णय असतो. कोव्हेरियन्स मॅट्रिक्स बहुधा संगणकावर रचलेल्या कृत्रिम विश्वांवरून काढतात. मापनाच्या यादीत ३०० आकडे आणि कृत्रिम विश्वे एक हजार असतील, तर व्यस्त मॅट्रिक्सला सुमारे ०.७ने गुणावे लागते, नाहीतर त्रुटी खोट्या लहान दिसतात. ही दुरुस्ती विसरल्यास २.५ सिग्माचे ३ सिग्मा होतात. आणि ती कृत्रिम विश्वे बहुतेक वेळा व्यापक सापेक्षतावाद गृहीत धरूनच चालवलेली असतात, म्हणजे आरोपीच्या घरचे साक्षीदार घेऊन खटला चालवण्याचा प्रकार.

प्राजक्ता_ब

त्याच कारणासाठी म्यू-सिग्माच्या चाचण्यांत लहान अंतरांवरची विदा बाजूला ठेवतात. तेथे द्रव्याच्या वाढीचे गणित अरेषीय होते, आणि प्रत्येक पर्यायी सिद्धांतासाठी ते नव्याने करावे लागते. त्यातून कॅमेलिअनसारखी यंत्रणा असलेल्या सिद्धांतांत जादा ओढ दाट ठिकाणी लपते. एवढी मौल्यवान विदा टाकून देताना जिवावर येते, पण ती ठेवली तर सांख्यिक यांनी सांगितलेला पक्षपात आत शिरतो. विश्लेषण पूर्ण होईपर्यंत निकाल झाकून ठेवण्याची शिस्त डीईएस आणि किड्स या गटांनी पाळली आहे. तिच्यामुळे मनासारखे उत्तर येईपर्यंत छाननी करत राहण्याला आळा बसतो, कृत्रिम विश्वांतील पक्षपाताला मात्र बसत नाही.

निळावंती

या सगळ्या कसरतीच्या तुलनेत १७ ऑगस्ट २०१७ची घटना पाहा. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास करून १.७ सेकंदांच्या फरकाने पोहोचले. भागाकार केला की दोहोंच्या वेगांतला फरक एक भागिले एक हजार लाख कोटी या पातळीच्या आत राहतो. लहरी वेगळ्या वेगाने धावतील असे सांगणाऱ्या गॅलिलिऑन या पर्यायी सिद्धांतांच्या वर्गातील कित्येक प्रतिकृती एका दिवसात बाद झाल्या, आणि कोणी कुंपणावरून भांडले नाही.

जुना_हिशेबनीस

भांडले, फक्त आवाज कमी होता. २०१८ मध्ये द राम आणि मेलव्हिल यांनी दाखवले की लायगो या वेधशाळेने टिपलेल्या गुरुत्वीय लहरींची वारंवारिता त्या प्रतिकृतींच्या वैधतेच्या सीमेजवळ पडते, त्यामुळे वैश्विक अंतरांवरच्या लहरींना हाच निष्कर्ष आपोआप लागू होत नाही. तरीही अशी एक घटना मला दहा विदासंचांच्या बेरजेपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते, कारण तेथे सिद्धांताने आधीच मान पुढे केली होती.

मृगशीर्ष (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मला उमगले ते असे की, डेसीचा आकडा लॅम्डा-सीडीएमविषयीची शंका मोजतो, त्याचा मोठा वाटा सुपरनोव्हांच्या मापपट्टीवर अवलंबून आहे, आणि गुरुत्वाकर्षणाविषयीचा प्रश्न त्याने अजून विचारलेलाच नाही. आता एक व्यावहारिक शंका. हे हिशेब घरच्या लॅपटॉपवर करून पाहता येतील का, की महासंगणकच लागतो?

सांख्यिक

म्यू-सिग्मासाठी चांगले यंत्र लागेल. परंतु डेसीच्या दुसऱ्या संचातील, आरंभीच्या विश्वातील ध्वनिलहरींनी दीर्घिकांच्या वाटणीत सोडलेल्या खुणांवरून काढलेली अंतरे म्हणजे अवघे १३ आकडे आणि त्यांचा कोव्हेरियन्स मॅट्रिक्स, जो सार्वजनिक आहे. कोबाया ही मुक्त आज्ञावली वापरली तर आधी लॅम्डा-सीडीएम आणि मग डब्ल्यू-शून्य, डब्ल्यू-ए ही जुळवणी लॅपटॉपवर आरामात होते. साखळ्या (आज्ञावलीच्या स्वतंत्र धावा) एकमेकींशी जुळल्याची गेलमन-रुबिन कसोटी ०.०१च्या खाली येईपर्यंत थांबावे, आणि डब्ल्यू-एची मर्यादा बदलून हीच जुळवणी पुन्हा करावी.

जुना_हिशेबनीस

आणि डब्ल्यू-एची कोणती मर्यादा घेणार, ते धावा सुरू करण्यापूर्वी या धाग्यावर लिहून ठेवावे. नंतर लिहिलेले ग्राह्य धरले जाणार नाही.

मृगशीर्ष (धागाकर्ता)

मान्य. उणे ३ ते अधिक २. डब्ल्यू-शून्यासाठी उणे ३ ते अधिक १.